‘गर्ली, ट्रॉय’: होकायंत्रांच्या कारखान्याचा इतिहास आणि त्याच्या जुन्या यंत्रांची पारख

प्रश्न दुहेरी आहे: जमीन मोजण्याच्या पितळी होकायंत्राच्या तबकडीवर ‘डब्ल्यू. अँड एल. ई. गर्ली, ट्रॉय, एन. वाय.’ असे कोरलेले असेल तर ती कंपनी कोणती, आणि असे यंत्र आज पुन्हा कामाचे करता येते का? दोन्ही उत्तरे एकत्रच द्यावी लागतील. या कंपनीने काय केले ते तिची यंत्रे उघडल्याशिवाय नीट कळत नाही, आणि यंत्रातल्या काही गोष्टी कंपनीचा इतिहास ठाऊक नसेल तर विचित्र वाटतात.

आधी एक गैरसमज काढून टाकू. गर्ली ही शोध लावणारी कंपनी नव्हती. व्हर्निअर (खुणांमधले बारीक भाग वाचण्याची सरकती पट्टी) असलेल्या होकायंत्राशी नाव जोडले जाते ते फिलाडेल्फियाच्या डेव्हिड रिटनहाउसचे. अमेरिकन धर्तीचे पहिले ट्रान्झिट, म्हणजे दुर्बिणीतून कोन मोजण्याचे यंत्र, १८३१ मध्ये विल्यम यंगने केले, तेही फिलाडेल्फियातच. सूर्यावरून दिशा काढणारे सूर्य-होकायंत्र मिशिगनच्या विल्यम बर्टचे. नदीचा वेग मोजणारा मीटर विल्यम गन प्राइसचा. गर्ली बंधूंनी केले ते निराळे: दुसऱ्यांनी शोधलेली यंत्रे ठरावीक नमुन्यांत, ठरावीक किमतीत, मोठ्या संख्येने बनवली आणि ती वापरणाऱ्याला स्वतः दुरुस्त करता येतील अशी ठेवली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतला सर्वांत मोठा मोजणी-यंत्रांचा कारखाना ट्रॉयमध्ये उभा राहिला तो याच बळावर.

ट्रॉयच का? न्यूयॉर्क राज्यातले, हडसन नदीच्या काठचे हे गाव. १८२५ मध्ये ईरी कालवा खुला झाला आणि पश्चिमेकडे जाणारा माल या पट्ट्यातून जाऊ लागला. गावात लोखंडाचे कारखाने होते, घंटा ओतणारे होते. घंटा ओतणाऱ्याला तांब्याच्या मिश्रधातूंचे ओतकाम चांगले जमते. पोकळी न राहता, भेग न पडता धातू कसा थंड करायचा हे त्याला ठाऊक असते. जुलियस हँक्स आणि पुढे ऑस्कर हँक्स यांच्याकडे घंटा आणि मोजणीची यंत्रे एकाच छपराखाली होत, यात नवल नाही. शिवाय १८२४ पासून गावात रेन्सेलिअर शाळा होती, आणि १८३५ मध्ये तिने स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदव्या द्यायला सुरुवात केली. ओतारी, गिऱ्हाईक आणि गणित जाणणारी माणसे एकाच गावात होती.

विल्यम गर्ली त्याच शाळेतून १८३९ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला आणि हँक्सकडे हाताने काम शिकला. १८४५ मध्ये त्याने जोनास फेल्प्सबरोबर भागीदारी केली. धाकटा भाऊ लुईस युनियन कॉलेजातून शिकून धंद्यात आला, फेल्प्स बाहेर पडला आणि १८५२ पासून कंपनीचे नाव ‘डब्ल्यू. अँड एल. ई. गर्ली’ झाले. काळ ओळखण्याची पहिली खूण इथेच मिळते. तबकडीवर ‘फेल्प्स अँड गर्ली’ असेल तर यंत्र १८४५ ते १८५२ मधले. अशी यंत्रे थोडी आहेत. ‘डब्ल्यू. अँड एल. ई.’ असेल तर त्यानंतरचे. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक गर्ली यंत्रांवर अनुक्रमांक नसतो, त्यामुळे क्रमांक सापडत नाही म्हणून यंत्र नकली समजू नये. क्रमांक असला तर यंत्र बहुधा विसाव्या शतकातले. मधल्या पन्नास वर्षांतल्या यंत्राचा काळ नावावरून नेमका सांगता येत नाही. कोरीव अक्षरांची धाटणी, सूची (चुंबकीय काटा) उचलणाऱ्या स्क्रूची जागा, पातळी दाखवणाऱ्या बुडबुड्याच्या नळ्यांची बसवण हे सगळे कंपनीच्या त्या त्या वर्षीच्या छापील पुस्तकातल्या चित्रांशी ताडून पाहावे लागते.

ते छापील पुस्तक म्हणजे कंपनीचा खरा चमत्कार. १८५५ मध्ये गर्ली बंधूंनी अमेरिकन अभियांत्रिकी आणि मोजणीतल्या मुख्य यंत्रांची पुस्तिका काढली आणि पुढे अनेक दशके तिच्या आवृत्त्या निघत राहिल्या. पुस्तिकेत यंत्राचा प्रत्येक भाग, त्याची जुळणी, बिघाड शोधण्याची रीत आणि शेवटी किंमत दिलेली असे. तेव्हाचा गिऱ्हाईक रेल्वेच्या टोकाच्याही पलीकडे, कारागिरापासून शेकडो मैल दूर राहणारा. यंत्र तिवईवरून पडले तर ते परत ट्रॉयला पाठवायचे म्हणजे मोजणीचा एक हंगाम गेला. अशा माणसाला सूचीचे टोक कसे घासायचे, बुडबुडा कसा जुळवायचा, दुर्बिणीतली तुटलेली तार कशी बदलायची हे छापून दिले की तो पुढचे यंत्रही तिथूनच मागवणार. माझ्या मते गर्लीच्या वाढीचे इतके सरळ दुसरे कारण नाही. फिलाडेल्फिया किंवा न्यूयॉर्कमधले नाणावलेले कारागीर गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे एकेक यंत्र घडवत. त्यांची काही यंत्रे गर्लीपेक्षा उजवी होती हे मान्य करायला हरकत नाही, पण ती महाग होती आणि वेळेवर हाती पडत नसत.

आता यंत्राकडे वळू. गर्लीचे सर्वांत जास्त दिसणारे यंत्र म्हणजे साधे किंवा व्हर्निअरचे होकायंत्र. एक लांब पितळी पाट, त्याच्या दोन्ही टोकांना उभ्या फटीच्या दर्शक पट्ट्या, मधे काचेखाली सूचीची पेटी, पाटावर एकमेकांशी काटकोनात दोन बुडबुडे. सूची साधारण ४, ५ किंवा ६ इंच लांब. तबकडीच्या कडेवर अर्ध्या अर्ध्या अंशाच्या खुणा आणि चारही चतुर्थांशांत ० ते ९० असे आकडे. पूर्व आणि पश्चिमेची अक्षरे मात्र उलटी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही कोरणाऱ्याची चूक वाटते. ती चूक नाही. सूची जागेवर राहते आणि तिच्याभोवती तबकडी फिरते. अक्षरे उलटी ठेवली की तबकडीचे उत्तर टोक लक्ष्याकडे धरून सूचीच्या उत्तर टोकापाशी जे दिसते तीच त्या रेषेची दिशा असते. डोक्यात काही उलटवावे लागत नाही. दोन्ही टोकांतले उत्तर टोक कोणते हे सूचीवरूनच कळते: दक्षिण टोकाला बारीक पितळी तारेचा वेढा असतो. उत्तर गोलार्धात उत्तर टोक खाली झुकते, त्याला तोल म्हणून ही तार. अक्षांश फार बदलला तर वेढा सरकवावा लागतो. टोक काचेला किंवा तबकडीला घासत असेल तर आधी हा वेढा पाहावा. बिघाड म्हणून पेटी उघडण्याची घाई करू नये.

पाटावर एका बाजूला एक लहान चकती असते, ० ते १६ आकड्यांची. ही कशासाठी हा प्रश्न हमखास येतो. अंतर मोजण्याच्या साखळीच्या फेऱ्यांची ती मोजदाद आहे. गुंटरची पूर्ण साखळी ६६ फूट, १०० कड्यांची. तिची अर्धी ३३ फुटांची. झाडीत आणि उतारावर अर्धी साखळी बरी पडते. खुणेच्या दहा पिना संपल्या की ३३० फुटांची एक फेरी पूर्ण, आणि ३३० ला १६ ने गुणले की ५२८० फूट, म्हणजे बरोबर एक मैल. फेरी संपली की चकती एक घर पुढे सरकवायची. जंगलात आकडा विसरण्यापेक्षा पितळेला आठवू द्यावा, हा सरळ हिशेब.

व्हर्निअर असलेल्या प्रकारात सूचीची पेटी दर्शक पट्ट्यांच्या रेषेपासून काही अंश इकडेतिकडे फिरवता येते आणि हे फिरणे एका मिनिटापर्यंत वाचता येते. कोन मोजायला ही सोय नाही. ती दिक्पातासाठी, म्हणजे सूचीची उत्तर आणि खरी उत्तर यांमधल्या कोनासाठी आहे. त्या ठिकाणचा चुंबकीय दिक्पात व्हर्निअरवर लावला की सूचीचे वाचन थेट खऱ्या उत्तरेपासूनचे येते. घोटाळा इथेच होतो. ६ अंश पश्चिम दिक्पात उलट्या बाजूला लावला गेला तर चूक ६ अंशांची होत नाही, १२ अंशांची होते, आणि मैलभरात रेषा सुमारे ११२० फूट भलतीकडे जाते. पुस्तकातले ‘डावीकडे-उजवीकडे’ पाठ करण्यापेक्षा खरी दिशा ठाऊक असलेल्या एका रेषेवर यंत्र लावून पाहावे. वाचन त्या दिशेशी जुळले तर बरोबर. दिक्पाताच्या दुपटीने चुकले तर बाजू उलटी.

या सोयीचे दुसरे काम जुन्या हद्दी पुन्हा शोधण्याचे. दिक्पात वर्षागणिक काही मिनिटांनी सरकत असतो. समजा, जुन्या कागदात एका हद्दीची चुंबकीय दिशा उत्तर १० अंश पूर्व आहे, तेव्हाचा दिक्पात २ अंश पूर्व होता आणि आज २ अंश पश्चिम आहे. मग खरी दिशा १२ अंश, आणि आजची सूची तीच हद्द उत्तर १४ अंश पूर्व दाखवील. जुना आकडा तसाच लावला तर ४ अंशांची चूक, म्हणजे मैलाला सुमारे ३७० फूट. मूळ मोजणीदाराने व्हर्निअर लावून खरी दिशा लिहिली होती की शून्यावर ठेवून चुंबकीय, हे कागदात बहुधा लिहिलेले नसते. त्याच काळातल्या, जाग्यावर सापडणाऱ्या दोन खुणांमधली रेषा आधी मोजून पाहावी. त्या रेषेत जो फरक पडतो तोच बाकीच्या रेषांना लावावा. दिक्पाताच्या तक्त्यापेक्षा हा मार्ग भरवशाचा, कारण त्यात मूळ यंत्राची स्वतःची चूकही सामावली जाते.

जुने गर्ली होकायंत्र हाती आले की तपासणीचा क्रम मोडू नये. आधी बुडबुडे, मग दर्शक पट्ट्या, मग सूची. पाट आडवा नसेल तर पुढच्या कोणत्याही तपासाला अर्थ नाही.

बुडबुडे जुळवायचे तर दोन्ही मध्यावर आणा, यंत्र १८० अंश फिरवा. बुडबुडा सरकला तर सरकलेल्या अंतरापैकी अर्धे नळीच्या टोकाच्या स्क्रूने काढायचे आणि अर्धे यंत्र कलवून. सगळे अंतर स्क्रूनेच काढणारा माणूस दिवसभर स्क्रू फिरवत बसतो. दोन-तीन वेळा केल्यावर बुडबुडा फिरवूनही मध्यावर राहायला हवा. दर्शक पट्ट्यांसाठी काही अंतरावर, वारा नसलेल्या जागी ओळंबा टांगा आणि फटीतून दोरा वरपासून खालपर्यंत फटीला धरून चालतो का ते पाहा. कललेला दिसला तर पट्टीच्या बुडाखाली ज्या बाजूला उंची कमी आहे तिथे कागदाची पातळ चकती घाला. जुन्या रीतीत बूड कानशीने घासत, पण घासलेले पितळ परत येत नाही.

सूचीकडे सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो. सूची अकीकाच्या किंवा तशाच कठीण दगडाच्या टोपीने पोलादी टोकावर टेकते. हे टोक बोथट झाले की सूची आळशी होते: झटकन थांबते आणि दर वेळी निराळ्या जागी थांबते. पटकन स्थिरावणारी सूची चांगली असे अनेकांना वाटते, वस्तुस्थिती बरोबर उलट आहे. तीक्ष्ण टोकावरची सूची बराच वेळ झुलत राहते, झोके हळूहळू लहान होतात. चाचणी सोपी: लोखंडाचा तुकडा जवळ नेऊन सूची दहाएक अंश हलवा, तुकडा लांब न्या, थांबू द्या, वाचा. हेच पाच-सहा वेळा, दोन्ही बाजूंनी. वाचनांत काही मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला तर टोक किंवा दगड गेलेला आहे. टोक बोथट होण्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच: सूची उचलून न ठेवता यंत्र वाहून नेणे. पाटाखालचा स्क्रू फिरवला की सूची टोकावरून उठून काचेला टेकते. जागा बदलताना ती उठलेलीच हवी. टोक बारीक तेलदगडावर, हातात गोल फिरवत, साधारण ३० अंशांच्या तिरकस धरणीने घासावे. सुईसारखे अतिबारीक करू नये. तसे टोक पहिल्याच धक्क्यात वाकते. दगडात तडा असेल तर त्यावर इलाज नाही, टोपी बदलावी लागते. तडा डोळ्याला दिसत नाही. साध्या सुईचे टोक आतून हलकेच फिरवले की ते अडकते.

टोक तीक्ष्ण झाले की सूचीची दोन्ही टोके वाचा. ती समोरासमोरच्या एकाच आकड्यावर पडायला हवीत. न पडल्यास तबकडी पूर्ण फिरवत फरक टिपत जा. फरक सगळीकडे सारखाच असेल तर सूची वाकलेली आहे. फरक कमी-जास्त होत असेल तर सूची टेकते ते पोलादी टोक तबकडीच्या मध्यावर नाही. दोन्ही बिघाड एकत्र असले तर ही रीत वापरावी: पोलादी टोक जरासे वाकवून सूची समोरासमोरचे आकडे कापील असे करा, मग यंत्र १८० अंश फिरवा आणि जो फरक येईल त्यातला अर्धा सूची वाकवून, अर्धा टोक वाकवून काढा. टोक वाकवायचे ते अणीपासून साधारण एक अष्टमांश इंच खाली, पितळी चिमट्याने. पोलादी चिमटा चुंबकित होऊन बसतो.

सूचीची चुंबकता कमी झाली असेल तर कायम चुंबकाने ती परत देता येते. प्रत्येक अर्धा भाग मध्यापासून टोकाकडे चुंबकाच्या विरुद्ध ध्रुवावरून हलक्या दाबाने ओढायचा आणि टोकाला पोचल्यावर सूची हवेत मोठे वर्तुळ काढून परत आणायची, म्हणजे परतीच्या वाटेवर केलेले पुसले जात नाही. दोन्ही टोके आलटून पालटून, पंचवीसेक वेळा. त्यानंतर दक्षिण टोकाच्या तारेचा तोल पुन्हा पाहावा लागतो. चुंबकता वाढली की झुकणेही वाढते.

एक बिघाड असा आहे की तो यंत्राचा नसतोच. काच रेशमी किंवा लोकरी कापडाने पुसली की ती भारित होते आणि सूची काचेला चिकटते किंवा भलत्या दिशेला ओढली जाते. ओले बोट लावले किंवा काचेवर फुंकर घातली की सूची सुटते. हा उपाय ठाऊक नसल्याने चांगल्या सूच्या उघडून बिघडवलेल्या दिसतात. त्याहून वाईट म्हणजे मधल्या काळात कुणी दुरुस्ती करताना बसवलेला पोलादी स्क्रू. तो पेटीत असेल तर असा पकडता येतो: दर्शक पट्ट्या एका लक्ष्यावर स्थिर ठेवून व्हर्निअरने पेटी ५-५ अंशांनी फिरवा. वाचन दर वेळी बरोबर तेवढेच बदलायला हवे. एखाद्या जागी कमी-जास्त झाले तर लोखंड पेटीसोबत फिरते आहे. लोखंड पाटात असेल तर हा तपास ते पकडत नाही. त्यासाठी तीच रेषा पाटाच्या एका टोकाकडून आणि मग यंत्र उलटवून दुसऱ्या टोकाकडून वाचून पाहावी.

आणि हे सगळे ठीक असतानाही मोजणी चुकू शकते, कारण जमिनीतच लोखंड असते. याच अडचणीतून बर्टचे सूर्य-होकायंत्र आले. त्याचे पेटंट १८३६ चे. १८४४ च्या सप्टेंबरात मिशिगनच्या उत्तर भागात टील तळ्याजवळ बर्टच्या तुकडीची सूची वेडीवाकडी फिरू लागली आणि तिथे लोहखनिज सापडले. सूर्यावर चालणारे यंत्र सोबत होते म्हणून मोजणी थांबली नाही. १८५० मध्ये पेटंटची मुदत संपली. मुदतवाढ मागू नये, सरकार मोबदला देईल, असे बर्टला सांगितले गेले. मोबदला त्याला कधीच मिळाला नाही. मोकळे झालेले यंत्र इतर कारखाने बनवू लागले, त्यात गर्ली आघाडीवर. १८५५ च्या सरकारी मोजणी नियमांत मुख्य रेषांसाठी बर्टचे यंत्र किंवा त्याच्या तोडीचे दुसरे वापरा असे आले आणि मागणी पक्की झाली. बर्टवर अन्याय झाला हे खरे, पण त्याच अन्यायामुळे यंत्र स्वस्त होऊन पश्चिमेकडे पसरले हेही खरे.

सूर्य-होकायंत्रावर तीन चाप असतात: अक्षांशाचा, सूर्याच्या क्रांतीचा (विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला असलेल्या त्याच्या कोनाचा) आणि तासांचा. अक्षांश लावायचा, त्या तासाची क्रांती वातावरणातल्या वक्रीभवनाची दुरुस्ती करून लावायची, मग सगळे यंत्र फिरवत भिंगातून पडणारा सूर्याचा ठिपका चांदीच्या पत्र्यावर कोरलेल्या रेषांच्या बरोबर मधे आणायचा. ठिपका बसला की दर्शक पट्ट्या खऱ्या उत्तर-दक्षिण रेषेत. मध्यान्हाच्या आसपास हे यंत्र वापरू नये: तेव्हा यंत्र थोडे फिरले तरी ठिपका जवळजवळ हलत नाही, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. सूर्य क्षितिजाजवळ असतानाही नको, तिथे वक्रीभवनाचा भरवसा नसतो. सकाळी आणि दुपारनंतरचे मधले तास सर्वांत चांगले.

१८६२ च्या १० मे रोजी ट्रॉयजवळ हडसनवरच्या लाकडी रेल्वे पुलाने पेट घेतला, ठिणग्या वाऱ्याबरोबर गावात आल्या आणि काही तासांत पाचशेहून जास्त इमारती जळाल्या. गर्लीचा कारखानाही त्यात गेला. आठ महिन्यांत फुल्टन रस्त्यावर नवी चार मजली विटांची इमारत उभी राहिली. १९८३ मध्ये तिला अमेरिकेचे राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक म्हणून मान्यता मिळाली. आग हा कंपनीच्या इतिहासातला नाट्यमय प्रसंग म्हणून सांगितला जातो, पण यंत्रांच्या दृष्टीने महत्त्व नव्या इमारतीचे: ओतकामापासून खुणा कोरण्यापर्यंत आणि लॅकर (धातूवरचा पातळ संरक्षक थर) चढवण्यापर्यंत सगळे एकाच छताखाली, मोठ्या खिडक्यांच्या उजेडात.

पुढची दशके ट्रान्झिटची. रेल्वेला सूचीची अचूकता पुरत नाही. सूची कसोशीने पाच मिनिटांपर्यंत वाचता येते, आणि पाच मिनिटे म्हणजे मैलाला साडेसात फुटांहून जास्त. ट्रान्झिटमध्ये दुर्बीण आडव्या आसावर पूर्ण उलटते आणि कोन सूचीवर अवलंबून न राहता खालच्या चकतीवर मोजला जातो. फिलाडेल्फियाच्या हेलर अँड ब्राइटली यांनी ट्रान्झिटचे वजन बरेच घटवले तेव्हा बाकीच्यांनाही हलकी यंत्रे काढावी लागली, आणि गर्लीचे डोंगराळ भागासाठीचे हलके ट्रान्झिट खाणींच्या प्रदेशात खूप चालले.

जुन्या ट्रान्झिटमध्ये पहिला संशय दुर्बिणीतल्या उभ्या तारेवर घ्यावा. सपाट जागी यंत्र मधे लावा, शेदोनशे फुटांवरची खूण ‘अ’ पाहा, दुर्बीण उलटवून पलीकडे तेवढ्याच अंतरावर खूण ‘ब’ करा. आता यंत्र फिरवून पुन्हा ‘अ’ पाहा, पुन्हा उलटवा, खूण ‘क’. ‘ब’ आणि ‘क’ एकच आल्या तर तार ठीक. नाही तर तार ‘क’ पासून ‘ब’ कडे मधल्या अंतराच्या पाव भागाइतकीच सरकवायची. अर्धी सरकवणे ही नेहमीची चूक. इथे दोनदा उलटवल्याने चूक चौपट झालेली असते. सपाटीचे चार स्क्रू असतील तर समोरासमोरचे दोन एकाच वेळी, दोन्ही अंगठे आत किंवा दोन्ही बाहेर, असे फिरवावेत. घट्ट आवळले की खालचा पत्रा वाकतो आणि मग बुडबुडा एका दिशेत कधीच राहत नाही. जुन्या ट्रान्झिटांत हा बिघाड सर्वांत जास्त आणि तो बहुतेक वेळा कायमचा असतो.

सूचीच्या टोकाचे हेच कसब कंपनीला नदीकडे घेऊन गेले. १८८२ मध्ये प्राइसने ओहायो नदीवर काम करताना उभ्या आसावर फिरणाऱ्या शंकूसारख्या वाट्यांचा मीटर केला, तो गर्लीने बनवायला घेतला. वाट्यांचे चाक तीक्ष्ण पोलादी टोकावर टेकते, होकायंत्रातल्या सूचीसारखेच. ठरावीक सेकंदांतले फेरे मोजायचे आणि तक्त्यावरून वेग काढायचा. उथळ पाण्यात पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर, खोल पाण्यात ०.२ आणि ०.८ वर मोजून सरासरी. चाचणीही ओळखीची: वारा नसलेल्या खोलीत वाट्या एकदा फिरवल्या की त्या मिनिट-मिनिट फिरत राहून अगदी हळूहळू थांबायला हव्यात. अचानक थांबल्या तर टोक गेले.

विल्यम १८८७ मध्ये गेला, लुईस १८९७ मध्ये. १९०० मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी झाली. याच घराण्याने वजने-मापांचे प्रमाण संचही पुरवले आणि कागदातून हवा किती झिरपते ते मोजणारे यंत्र बनवले: सुमारे ६.४५ चौरस सेंटिमीटर कागदातून १०० मिलिलिटर हवा जायला किती सेकंद लागतात. ‘गर्ली सेकंद’ हा आकडा आज लिथियम बॅटरीतल्या विभाजक पडद्यांसाठीही वापरला जातो, आणि तो वापरणाऱ्या बहुतेकांना हे नाव होकायंत्रवाल्यांचे आहे याची कल्पना नसते. १९६८ मध्ये टेलिडाइनने कंपनी घेतली. नंतर ती ‘गर्ली प्रिसिजन इन्स्ट्रुमेंट्स’ या नावाने कोन मोजणारे एन्कोडर आणि अशी चाचणी-यंत्रे बनवणारी कंपनी झाली. काचेच्या चकतीवर बारीक खुणा कोरणे हे पितळी वर्तुळावर अंश कोरण्याचेच पुढचे काम आहे, त्यामुळे हा बदल दिसतो तितका मोठा नाही.

शेवटी सफाईबद्दल, कारण बहुतेक जुनी यंत्रे वापराने नाही, सफाईने मेली आहेत. पितळ चकचकीत करणारा कोणताही लेप लावू नये. मूळ पृष्ठभाग मुद्दाम गडद करून वर लॅकर चढवलेला असतो. तो गेला की यंत्राचे मोल उतरते आणि धातू उघडा पडतो. तबकडीवरचा चांदीचा थर तर इतका पातळ असतो की एका घासण्यात निघतो आणि खुणांमधले काळे मेण त्याच्याबरोबर. मऊ ब्रशने धूळ झाडावी, जुने घट्ट झालेले तेल स्पिरिटने काढावे, पण स्पिरिट लॅकरला लागू देऊ नये. ते लाखेचे असेल तर विरघळते. सूचीच्या टोकाला तेल कधीही देऊ नये. बुडबुड्याच्या फुटलेल्या नळीऐवजी नवी बसवता येते, मात्र तिची आतली वक्रता मूळ नळीइतकीच हवी. सुताराच्या पातळीतली नळी बसवली की बुडबुडा मध्यावर दिसतो आणि पाट कललेलाच राहतो. विकत घेताना पट्ट्या, यंत्र तिवईवर बसवण्याचा गोलाकार सांधा, सूची उचलण्याचा स्क्रू आणि व्हर्निअरचा चाप हे चार भाग मूळचे आहेत का पाहावे. लाकडी पेटी बदललेली असली तरी काही बिघडत नाही. सूची दुसऱ्या यंत्राची असेल तर मात्र बिघडते, कारण तिची लांबी तबकडीच्या खुणांपर्यंत नेमकी पोचत नाही आणि मग अर्ध्या अंशाच्या आतले वाचन अंदाजाचे होते.